नळी डोंगराकडे

६ मार्च

हॉलिस,

तुझी रायफल माझ्याकडे आहे, हे कळवायला लिहितेय. दुसरं काही मनात नाही.

ऑक्टोबरात नेमबाजीचा सामना अर्धा टाकून निघालास तेव्हा ती टेबलावरच राहिली. तेव्हापासून माझ्या कपाटात, थंडीच्या कोटांमागे उभी आहे. अधूनमधून तेलाचा बोळा फिरवते. गंजाचा ठिपकासुद्धा नाही. पोलादावरचे ते निळे-तपकिरी ढग आहेत तसेच आहेत. आयडाहोला जोलीनकडे राहायला गेलास तेव्हा घरातलं सगळं नेलंस, कुत्र्याचं पाण्याचं भांडंसुद्धा, आणि कुत्रं जाऊन किती वर्षं झाली. रायफलीबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी फोन केले. दर वेळी जोलीन म्हणते, "नीवाआत्या, बाबा गॅरेजमध्ये आहेत." तुझ्या लेकीला खोटं बोलता येत नाही. हा गुण तिनं आईकडून घेतला असणार.

विचारायचं ते असं. क्लबात एक नवीन बाई यायला लागलीय. मारिसेला अपोडाका. डेमिंगला दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. चाळिशीची असेल. तीन सामने नुसती बाकावर बसून बघत होती, चौथ्याला विचारलं, मला शिकवाल का. दोन पिस्तुलं मी देते, दुनळी डेल्बर्ट देणार आहे. माझी रायफल तिच्या हाताला लांब पडते. तुझी बरोबर बसेल. द्यायची का?

आता त्या दिवसाबद्दल एकदाच बोलते, मग तो विषय नको. तुझी रायफल अडली. अडली की नळी डोंगराकडे, निशाणांच्या बाजूला, करून ती टेबलावर ठेवायची आणि पुढची बंदूक घ्यायची. हे मला तूच शिकवलंस. प्रत्येक नवख्याच्या कानीकपाळी तूच ओरडत आलास. आणि तू ती हातात घेऊन मागे वळलास. नळी बाकावरच्या सगळ्यांवरून फिरली. डेल्बर्टच्या मांडीवर त्याची नात होती, तीन महिन्यांची. मी दोनदा ओरडले, तू ऐकलं नाहीस. टायमर माझ्या हातात, म्हणजे थांबवायचं काम माझं. तू म्हणालास, "रिकामी आहे गं, दहा मोजलेत मी." मी रायफलीखालची लिव्हर ओढली आणि एक जिवंत काडतूस मातीत पडलं.

भरलेली बंदूक माणसांवरून फिरली की नेमबाज अख्ख्या सामन्यातून बाद. भाऊ असला तरी. तोवर तुझी एकही गोळी चुकली नव्हती हे मला माहीत होतं. तो शेवटचा डाव होता हेही माहीत होतं. इतक्या वर्षांत बिनचूक सामन्याचा बिल्ला तुला एकदाही मिळाला नव्हता, आणि तो तुला किती हवा होता, हे तर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तरी माफी मागत नाही. पुन्हा तसंच घडलं तर पुन्हा तेच करीन.

रायफलीचं कळव.

नीवा

१९ एप्रिल

हॉलिस,

नाही म्हणाला नाहीस, म्हणजे हो, असं धरलं. लहानपणी माझी सायकल तू अशीच न्यायचास.

मारिसेला चांगली आहे. तोंडाची फटकळ आहे, पण हात शांत. पहिल्या दिवशी तिला सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे साठी ओलांडलेली माणसं जुन्या काळचे कपडे घालून, खोटी नावं लावून, दीडशे वर्षांपूर्वीच्या नमुन्याच्या बंदुकांनी लोखंडी पाट्या वाजवतात?"

म्हटलं, "वाजवतात. आणि कोण पटकन वाजवतो ते घड्याळ लावून बघतात."

"बक्षीस काय?"

"बिल्ला."

"नुसता बिल्ला?"

"वर डेल्बर्टच्या घेवड्याची वाटी."

थोडा वेळ डोंगराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग मला नाव पाहिजे." तिला आधी सांगितलं, दुसऱ्या कुणाचं असलेलं नाव चालत नाही. माझं 'करपी कॉफी' ऐकून तिला हसू आवरेना. तुझं विचारलं. म्हटलं, 'सुस्त पाद्री'. गोळी मारण्याआधी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतो म्हणून. आठवडाभर विचार करून तिनं स्वतःचं नाव ठेवलं 'अक्कलदाढ'. डेल्बर्ट म्हणाला, "क्लबात इतक्या वर्षांत अक्कल यायची होती, आली एकदाची."

आता मुद्द्याचं. तुझी रायफल तिच्या हातात सारखी अडायची. आठ-नऊ गोळ्या जायच्या आणि पुढचं काडतूस वर चढायचंच नाही. मी आधी तिलाच बोलले, लिव्हर अर्ध्यातून परत आणतेस म्हणून. ती म्हणाली, "मी दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात हत्यारं चालवते. अर्धवट काम मी करत नाही." मग मी स्वतः मारून बघितली. माझ्याही हातात अडली.

शनिवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली आणि बाजूची पट्टी काढली. काडतूस वर उचलणाऱ्या दांडीला धरून ठेवणारी ती चपटी स्प्रिंग तडकलीय. ती वाकते तिथं, केसाएवढी भेग. आतलं तेल त्या भेगेत वाळून काळं झालंय, म्हणजे भेग आजची नाही. ती स्प्रिंग तूच घासून पातळ केली होतीस, लिव्हर लोण्यासारखी चालावी म्हणून.

हॉलिस, त्या दिवशी रायफल अडली ती या तुकड्यामुळे. लिव्हर तू दहा वेळा ओढलीस, म्हणून दहा मोजलेस. काडतुसं नऊच गेली होती, दहावं खालीच राहिलं. तुला वाटलं रिकामं पुंगळं अडकलंय. मोजण्यात तुझी चूक नव्हती.

पण वळलास तू. ते स्प्रिंगनं केलं नाही. आणि मी दोनदा ओरडले ते तुला ऐकू आलं नाही, तेही स्प्रिंगमुळे नाही. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहितेय. वेगवेगळ्या लिहिल्या तर तू सोयीची तेवढी वाचशील.

नवीन स्प्रिंग दुकानातून मागवता येईल, पण ती तशीच बसवू की घासावी लागते, मला माहीत नाही. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली, घड्याळजी नाही मी.

इकडे वारा सुटलाय. काल अंगणातली खुर्ची शेजाऱ्याकडे गेली, त्याची बादली माझ्याकडे आली. बाकी माझं बरं चाललंय.

नीवा

११ मे

हॉलिस,

पार्सल मिळालं. कापसात गुंडाळलेली स्प्रिंग, दोन छोटे स्क्रू आणि तुझी चिठ्ठी: 'घासलेली नाही. लिव्हर जड चालेल. चालू दे. तिला सांग, पुढे पूर्ण ढकल.'

सहा महिन्यांत तुझ्याकडून आलेले पहिले शब्द. त्यात माझ्याबद्दल एक नाही. तरी चिठ्ठी फ्रिजवर लावलीय.

स्प्रिंग बसवली. लिव्हर खरंच जड झाली, पण आता घड्याळासारखी चालते. मारिसेला पहिल्या सामन्यात उतरली. सामन्याचा मार्शल म्हणून डेल्बर्टनं डाव असा मांडला होता की नेमबाजानं खानावळीच्या खिडकीत उभं राहायचं, "माझी अंडी कुठायत?" असं ओरडायचं, आणि ओरडल्या ओरडल्या टायमर वाजणार. ती इतक्या हळू म्हणाली की पाट्या मोजायला उभ्या असलेल्या तिघांपैकी एकालाही ऐकू आलं नाही. डेल्बर्ट म्हणाला, "बाई, अशानं अंडी मिळणार नाहीत." मग मात्र तिनं असा आवाज काढला की माझ्या हातातला टायमर आपणहून सुरू झाला. रायफलच्या दहांत सहा लागल्या, पिस्तुलाच्या दहांत चार. वाऱ्यानं टोपी उडून थेट पाट्यांपर्यंत गेली. ती डोंगराकडे नळी धरून तशीच उभी राहिली, टोपीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हॉलिस, मला रडू आलं. धुळीमुळे.

नंतर मला विचारते, "ही रायफल कोणाची?"

"माझ्या भावाची."

"अरेरे. कधी गेले?"

"नोव्हेंबरात. आयडाहोला."

तिला वाटलं होतं तू वारलास. मी म्हटलं, नाही, नुसता रुसलाय. ती म्हणाली, "माझाही एक रुसलेला भाऊ आहे, एल पासोत. आईच्या टीव्हीवरून."

एक गोष्ट आणखी. कान तपासून घे. हे मला जोलीननं सांगितलेलं नाही. जोलीननं मला काहीही सांगितलेलं नाही. तू टीव्ही इतका मोठा लावतोस की शेजारचे त्यांच्या घरात बसून तुझ्याबरोबर बातम्या ऐकतात, हेही तिनं सांगितलेलं नाही.

माझा उजवा हात हल्ली जरा झोपतो. अंगठा आणि दोन बोटं. उतारवयात होतं. काळजीचं कारण नाही.

नीवा

१७ ऑगस्ट

हॉलिस,

जूनमध्ये तू मारिसेलासाठी लिव्हरच्या कडीला चामडं कसं गुंडाळायचं त्याचं चित्र काढून पाठवलंस. जुलैत तेल कुठलं वापरावं ते लिहिलंस. दोन्ही पत्रं तिच्या नावानं, पत्ता माझा. ती म्हणाली, "तुमच्या घरी माझी पत्रं येतात आणि तुम्हीच आधी वाचता." वाचते.

आज माझं सांगायचंय. कुणाला सांगावं हे ठरवताना दुसरं नाव सुचलं नाही.

काल सामन्यात मी बाद झाले.

तिसरा डाव. टायमर मारिसेलाकडे होता. गेल्या महिन्यात तिनं सुरक्षेचा वर्ग केला, सगळ्यांत जास्त गुण तिचेच. पिस्तुलं मारून झाली. टेबलावरची भरलेली रायफल उचलली आणि अंगठा होता की नव्हता, मला कळलंच नाही. ती हातातून सुटली. आधी दस्ता आपटला, मग ती आडवी झाली, नळी डोंगराकडे. नशीब घोडा काडतुसाच्या रिकाम्या घरावर होता, म्हणून बार झाला नाही. मी वाकले. तू म्हणशील, वाकलीस कशाला. पडलेली बंदूक नेमबाजानं उचलायची नसते, मलाही माहीत आहे. पण हात आपोआप जातो.

मारिसेला म्हणाली, "थांबा. हात लावू नका."

मी थांबले.

तिनं रायफल उचलली, रिकामी केली, काडतुसं टेबलावर ठेवली. दहाही. मग माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, "नीवा, भरलेली रायफल पडली. तुम्ही सामन्यातून बाद." आणि मग हळूच, "मला माफ करा."

मी म्हटलं, "माफी मागू नकोस. नियम आहे."

तोंडानं म्हणाले खरी. आतून मात्र तिला फाडून खावंसं वाटत होतं. जिला मी लिव्हर धरायला शिकवलं, जी माझ्या टेबलावर बसून माझ्या हातचा स्टू खाते, तिनं सगळ्या लोकांसमोर मला बाद करावं. कान तापले. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले, आणि तेच जास्त लागलं. मी पिस्तुलं पेटीत टाकली, पेटी ट्रकमध्ये ठेवली, आत बसले, इंजिन सुरू केलं.

तिथं मला तू दिसलास. तुझा ट्रक, तुझी पाठ, तू उडवलेली धूळ. वर्षभर मी तुझ्यावर चिडलेय की तू थांबला का नाहीस. काल मला कळलं, तू का थांबला नाहीस. आत बसल्यावर फाटक किती जवळ दिसतं.

बराच वेळ तशीच बसून राहिले. पेट्रोल जाळत. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि परत गेले. शहाणपण म्हणून नव्हे. घरी जाऊन करायचं काय, हे सुचेना म्हणून. डेल्बर्टकडून पितळं वेचायची काठी घेतली आणि दिवस संपेपर्यंत दुसऱ्यांची रिकामी पुंगळी गोळा केली. पहिला एक डाव फार वाईट गेला. दुसऱ्यात कुणीतरी म्हणालं, "करपे, माझी पितळं नीट वेच, मागच्या वेळी दोन कमी होती." तिथून बरं वाटायला लागलं.

संध्याकाळी मारिसेला माझ्या ट्रकपाशी आली. म्हणाली, "उद्यापासून बोलणार नाही ना माझ्याशी?"

मी म्हटलं, "बोलेन. पण आज नको."

"चालेल," म्हणाली. आणि खिडकीतून माझ्या मांडीवर एक कागद टाकून गेली. लास क्रूसेसच्या हाताच्या डॉक्टरांचा पत्ता. त्यांचे दात ती साफ करते म्हणे.

हॉलिस, तुला बाद केलं तेव्हा तुला कसं वाटलं असेल, हे आता मला आतून माहीत आहे. ते माहीत असतं तरी मी बाद केलंच असतं. फक्त तुझ्या ट्रकपर्यंत धावत आले असते. तेवढं सुचलं नाही.

नीवा

१४ सप्टेंबर

हॉलिस,

तुझं पत्र वाचलं. उभ्यानं वाचलं, मग बसून.

तू लिहिलंस, 'मी तुझ्यावर रागावून गेलो नाही. दहा मोजले आणि एक उरलं, तेव्हा वाटलं, बाबांसारखं सुरू झालं. बाबाही आधी आकडेच विसरले होते. म्हणून पळालो.'

हे तू मला फोनवर एका मिनिटात सांगू शकला असतास. मी वर्षभर तुझ्या गर्विष्ठपणाला शिव्या घातल्या, आणि तू तिकडे गॅरेजमध्ये बसून खिळे मोजत होतास. जोलीनला वाटायचं, तू काहीतरी बांधतोयस. आणि स्प्रिंगबद्दल वाचल्यावरही यावर तू चार महिने गप्प. लिहितोस, 'खात्री वाटेना. तू मला बरं वाटावं म्हणून रचलं असशील.' मी? तुला बरं वाटावं म्हणून? हॉलिस, तू मला एकसष्ट वर्षं ओळखतोस.

डॉक्टरांनी सांगितलं ते चांगलंच झालं. डोकं ठीक, कान गेलेले. डावा अर्धा, उजवा त्याहून जास्त. बारीक उंच आवाज तर ऐकूच येत नाहीत. म्हणजे बायकांचे आवाज. म्हणजे मी. तू लिहितोस, कानात यंत्रं घातल्यावर पहिल्यांदा फ्रिजचा आवाज ऐकला आणि वाटलं कुणीतरी घरात शिरलंय. मी एकटीच इतकी हसले की घशाला कोरड पडली.

माझ्या हाताचं छोटं ऑपरेशन झालं. मनगटातली नस दबली होती. टाके निघालेत. अंगठा परत माझा झालाय, पण रायफल उचलायला अजून महिना आहे. मारिसेला रोज येते, बरणीची झाकणं उघडून देते आणि दर झाकणामागे एक टोमणा मारते.

बाजारात मिरच्या भाजायला लागलेत. आगीवर ते जाळीचे पिंजरे फिरतात आणि सगळ्या रस्त्यात तो वास. मी तुझ्या वाटणीचं पोतं घेऊन सोलून गोठवून ठेवलंय. आयडाहोत मिरची म्हणून काय देतात ते मी एकदा खाल्लंय, त्याबद्दल न बोललेलं बरं.

वार्षिक सामना अठरा ऑक्टोबरला आहे. मारिसेलानं तुझी रायफल साफ करून माझ्याकडे परत आणून दिली. तिनं स्वतःची घेतली, जुनी, एका म्हाताऱ्याकडून. म्हणाली, "त्यांची त्यांना लागेल." मी म्हटलं, तो यायचा नाही. म्हणाली, "मी कुठं म्हटलं येतील? लागेल म्हटलं."

तू विचारलंस, टायमरचा आवाजच मला ऐकू येत नसेल तर मी मारू कसा. डेल्बर्टला विचारलं. तो म्हणाला, टायमरवाल्यानं आवाजाबरोबर खांद्यावर थाप द्यायची. चालतं. त्यात अडचण काही नाही.

अडचण एकच, टायमर माझ्याकडे असेल. बघ, चालत असेल तर.

नीवा

२१ ऑक्टोबर

जोलीन बाळा,

तू म्हणालीस, बाबा नीट सांगणार नाहीत, आत्या तूच लिही. म्हणून लिहितेय. तुझे बाबा पलीकडच्या खोलीत बसून कुणाच्या तरी रायफलला शिव्या देतायत, म्हणजे तब्येत उत्तम.

शुक्रवारी दुपारी ट्रक अंगणात आला. दोन दिवस गाडी चालवून आलेला माणूस, उतरला आणि पहिलं वाक्य काय, तर, "तुझ्या फाटकाची बिजागरी वाजते." मी म्हटलं, "ती दहा वर्षं वाजतेय." म्हणाला, "मला आज ऐकू आली." आणि हत्यारांची पेटी काढून तिथंच खाली बसला. बिजागरी झाली तेव्हा उठून त्यानं मला जवळ घेतलं. आम्ही दोघं या कामात कच्चे आहोत, तुला माहीतच आहे. त्याच्या कानातलं यंत्र माझ्या केसात अडकलं.

शनिवारी सकाळी मैदानावर. त्यानं ती जुनी काळी बंडी घातली होती, आता पोटावर बसत नाही. सगळे त्याला भेटायला पुढे झाले, तो त्यांना ओलांडून सरळ डेल्बर्टकडे गेला. डेल्बर्टची नात आता चालते, त्याच्या बोटाला धरून उभी होती.

तुझे बाबा म्हणाले, "डेल्बर्ट, मागच्या वर्षी माझी नळी हिच्यावरून गेली."

डेल्बर्ट म्हणाला, "हो. गेली."

"मी त्या दिवशी काही न बोलता निघून गेलो."

"हो. गेलास."

"चुकलं माझं."

डेल्बर्टनं नातीला उचलून कडेवर घेतलं. तो माणूस सहज सोडत नाही, आणि त्यानं सोडावं असं मलाही वाटत नव्हतं. मग तो म्हणाला, "सकाळची सुरक्षेची सूचना आज तू दे. सगळ्यांना सांग काय झालं होतं ते. नवीन लोक आहेत."

आणि जोलीन, तुझ्या बाबांनी ती दिली. टोपी हातात घेऊन, सगळ्यांसमोर. स्प्रिंगचं सांगितलं नाही. मी वाट बघत होते की आता सांगेल, तडकली होती म्हणून. त्यानं फक्त एवढं सांगितलं की रायफल अडली, मी वळलो, भरलेली होती, माझ्या बहिणीनं मला बाद केलं, आणि केलं ते बरोबर केलं. मग म्हणाला, "काहीही होवो, नळी डोंगराकडे. लाज वाटली तरी डोंगराकडे. राग आला तरी डोंगराकडे." नव्या पोरांपैकी कुणी हसलं नाही. मारिसेलानं माझ्या बरगडीत कोपर मारलं, कशासाठी ते कळलं नाही, पण मला ते हवं होतं.

त्याचा डाव आला तेव्हा मी मागे उभी राहिले. त्यानं विचारलं, "थाप जोरात मारशील ना?"

"मारीन."

"राग काढू नकोस."

"बघते," म्हटलं.

मी बटण दाबलं आणि त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. बंडीखाली हाड लागलं. वर्षभरात बारीक झालाय, तू त्याला नीट खायला घाल. तो निघाला. पुटपुटत, सावकाश, एकेक पाटी वाजवत. पोरं तोवर दोन डाव मारतील इतका वेळ. पहिले चार डाव एकही चुकली नाही. सगळे पुन्हा मोजायला लागले होते आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

पाचव्यात पिस्तुलाची एक गोळी पाटीच्या कडेनं गेली. अगदी स्वच्छ चुकली. तिन्ही मोजणाऱ्यांनी एकेक बोट वर केलं, जणू त्यांच्याच घरी कुणी गेलंय. तुझे बाबा पिस्तूल म्यानात ठेवून रायफलीकडे गेले, उरलेलं सगळं मारलं, नळी डोंगराकडे, लिव्हर उघडी, रिकामं घर मला दाखवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एक?"

"एक."

"ऐकलं मी," म्हणाले. "ठणकन आवाज आला नाही ते ऐकलं मी, नीवा."

आणि असे हसले की बिल्ला मिळालेल्या माणसाला तसं हसता आलं नसतं. बिनचूक सामन्याचा तो बिल्ला मारिसेलाला मिळाला. पहिल्याच वर्षात. आमच्या क्लबात असं आधी झालेलं नाही. तिला तो लावून देताना डेल्बर्टनं टाचणी टोचली आणि ती म्हणाली, "हळू, मार्शल, मी दात काढणारी नाही, साफ करणारी आहे." तुझे बाबा शेवटून तिसरे आले.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. तो म्हणाला होता मंगळवारी सकाळी निघतो. पण रविवारी जेवायला मारिसेला आली, तिची जुनी रायफल घेऊन, नुसतं बघा म्हणून. सोमवारी डेल्बर्ट आला, त्याची घेऊन. आज दुपारी आणखी दोघं आले, त्यांची नावं मला माहीत नाहीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्क्रू, स्प्रिंगा, लिव्हरी, तेलाच्या बाटल्या, आणि मधे तुझे बाबा, नाकावर चष्मा, कानात यंत्रं, प्रत्येक स्प्रिंग कानाजवळ नेऊन वाजवून बघतायत. कुठली पातळ करू नये यावर भाषण चालू आहे. टेबलावर बशी ठेवायला जागा नाही. आम्ही सगळे उभ्यानं जेवतोय.

तेव्हा त्याचे कपडे पाठव. जाड नकोत, इथं अजून ऊन आहे.

तुझी,
नीवाआत्या